ओव्हर म्हणेपर्यंत

"तुमची पेटी... माझ्या मध्ये बोलते."

दार उघडल्या उघडल्या त्याचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, ओळख नाही. उंच, किडकिडीत, हातात छत्री असून भिजलेला. मी चहाचा कप तसाच धरून बघत राहिले, कारण हा आवाज मी ओळखत होते. गेले नऊ दिवस दुसरा कुठला आवाज मी धड ऐकलाच नव्हता.

"कंट्रोल रूममधले ना तुम्ही?"

"हो. आणि तुम्ही... पेटीवाल्या मॅडम."

तलावाच्या या काठावर, टेकडीमागे, एका बंद तिकीटघराच्या माडीवर आमच्या संशोधन संस्थेने मला एका पेटीच्या चाचणीसाठी महिनाभर आणून ठेवलं होतं. एक खाट, एक टेबल, खिडकीत अँटेना आणि टेबलावर ती राखाडी पेटी. तलावातल्या बोटींना पलीकडच्या काठावरून वायरलेसवर सूचना देणारा तो हा. वाहिनी बोट कंपनीची, परवाना त्यांचा. माझी पेटी तिथे पाहुणी. तो गप्प असेल तेवढ्यात तिने आपले आकडे पाठवायचे, तो बोलायला लागला की चूप बसायचं. आणि फुकटचं राहणं नको म्हणून तिने एक काम अंगावर घेतलेलं. खाली पाण्यावर, टेकडीमागच्या बोटींपर्यंत त्याचा आवाज पोचत नसे, उंच माडीवर मात्र पोचे. तो पेटीने झेलायचा आणि पुढे पोचवायचा.

एवढी सभ्य माझी पेटी, आणि तिच्यावर हा आळ!

"शक्यच नाही," मी म्हटलं. "दोन सेकंद शांतता असल्याशिवाय ती तोंड उघडत नाही."

तो काहीतरी सांगायला गेला. अडला. खिडकीकडे बघत राहिला. मी मनात चारपर्यंत मोजलं आणि न राहवून म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की—"

"बघा," तो हसला. "तुम्हीही... तशाच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दुसरा कप भरला.

मग त्याने सांगितलं, सावकाश. लहानपणी तो अडखळायचा. एखादा शब्द अडला की येईपर्यंत थांबायचं, हे त्याने शिकून घेतलं. पण थांबलं की समोरचा वाक्य पूर्ण करून टाकायचा. मास्तर, काका, दुकानदार, सगळेच. "वायरलेसवर मात्र कुणी मध्ये बोलत नाही. मी 'ओव्हर' म्हणेपर्यंत... पाळी माझीच. म्हणून तर ही नोकरी धरली."

"शब्द अडला तर बोलायचं बटण दाबून ठेवायचं ना! पेटीला कळेल की तुम्ही आहात."

"दाबून ठेवलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. सगळ्यांना कोंडून ठेवल्यासारखं वाटतं. मग शब्द... आणखीच अडतो."

तो गेल्यावर मी पेटीची दोन सेकंदं दहा केली. संस्थेला कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तो पुन्हा आला. आज तक्रार नव्हती, माझ्यासाठी वायरलेसचा एक जुना हँडसेट होता. "चाचणी सुरू करताना... कळवत जा. बोटवाले दचकतात."

"फक्त तेवढ्यासाठी आलात?"

"नाही. चहासाठीही."

मग तो रोजच येऊ लागला. बोटवाले त्याला 'सावकाशराव' म्हणतात हे मला तीन नंबरच्या बोटीवरच्या काकांकडून कळलं. मी हाक मारून बघितली, तर कान लाल झाले बिचाऱ्याचे.

"पेटीवाल्या मॅडम, गाता का हो? काका विचारत होते."

"पेटी वाजवते. तीही दहा-दहा सेकंद थांबून."

"माझ्यामुळे?"

"पाहुण्याने घरच्या माणसाचं ऐकून घ्यावं," मी म्हटलं आणि उगाचच कप विसळायला उठले.

तो गेला की मात्र खोली खायला उठायची. संध्याकाळी ताईचा फोन यायचा. ताईच्या बोलण्यात स्वल्पविराम नसतो. मुलांची शाळा, आईचे गुडघे, भिंतीचा रंग, आणि मग "चल ठेवते गं". मी कशी आहे हे सांगायला फट सापडायचीच नाही. घरात धाकटी म्हणून मी कायम दुसऱ्यांचं संपायची वाट बघितली, आणि त्यांचं संपलं की माझं सांगायचं राहूनच जायचं. मला एकटं वाटत होतं. फार एकटं वाटत होतं. आणि दिवसातला एक तास वाटत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात संस्थेतल्या सरांचा फोन आला. "आकडे घसरलेत. कुणी वाढवला हा थांबण्याचा वेळ? तुला तिकडे आकडे पाठवायला ठेवलंय की ऐकत बसायला? शेवटची चाचणी दोन सेकंदांवरच झाली पाहिजे."

मी हो म्हटलं. या अहवालावर माझी पुढची जागा अवलंबून होती.

शेवटच्या दुपारी पेटी दोन सेकंदांवर ठेवली आणि हँडसेटवर सगळ्यांना कळवलं. बॅग भरायला घेतली. पाचची बोट होती. ड्यूटीआधी निरोप घ्यायला येईल असं वाटलं होतं, पण सकाळी तो आला नव्हता. माझी काही तक्रार नव्हती, फक्त केलेला चहा गार झाला होता.

साडेतीनला त्याचा आवाज आला. "पेटीवाल्या मॅडमसाठी. तुम्ही गेल्यावर..."

एक. दोन. खर्रर्र. पेटीला मोकळी जागा दिसली आणि ती कामाला लागली. तिची खरखर थांबली तेव्हा वाहिनीवर काहीच नव्हतं. मी वाट बघितली. मग स्वतःला समजावलं, तुम्ही गेल्यावर खोलीची किल्ली अमक्याकडे द्या, असंच काहीतरी असेल. दुसरं काय असणार? डोळे भरून आले तरी मी टॉवेलची घडी घालत राहिले.

बॅगची चेन अडकली, आणि ती ओढता ओढता माझा हात थांबला.

तो 'ओव्हर' म्हणाला नव्हता.

पेटी झेललेलं सगळं जपून ठेवते. मी पुन्हा लावून ऐकलं. "तुम्ही गेल्यावर..." मग खरखर, आणि खरखरीच्या तळाशी त्याचा आवाज, चिरडलेला, एकही शब्द न कळणारा. स्वतः बोलत असताना पेटीला दुसऱ्याचं धड ऐकू येत नाही. आजवर जगाने त्याच्या बाबतीत जे केलं, तेच मी केलं होतं, तेही त्याने सांगून ठेवलेलं असताना.

चाचणीची अकरा मिनिटं उरली होती. मी पेटीची वायर भिंतीतून उपसली आणि हँडसेट उचलला.

"सावकाशराव, तुमचं बोलणं अजून संपलेलं नाही. पेटी बंद केली आहे. मी ऐकतेय. ओव्हर."

काहीच आलं नाही. मग तीन नंबरचे काका हळूच म्हणाले, "टेकडीमागे आहे मी. पेटी बंद, म्हणून ऐकू आलं ते फक्त मॅडमचं. आम्ही सगळे गप आहोत हो. ओव्हर."

मी मोजायला लागले आणि वीसनंतर मोजणंच सोडून दिलं. खिडकीतून टेकडी दिसत होती, तिच्यापलीकडे तो.

"तुम्ही गेल्यावर..." तो म्हणाला, "माझ्या मध्ये कुणी बोलणार नाही. आधी मला... तेच हवं होतं."

थांबला. मी हूं की चूं केलं नाही.

"आता नको आहे. तुम्ही... राहाल का? इथे नाही म्हणत मी. माझ्या... बरोबर." मोठा श्वास ऐकू आला. "ओव्हर."

आता पाळी माझी होती. अख्खी वाहिनी मोकळी होती, आणि ती माझ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. मी बटण दाबलं. ओठांवर आलेला 'हो' तिथेच अडला. बटण सुटलं. पाच सेकंदं गेली, दहा गेली, मी नुसती रडत आणि हसत उभी.

पलीकडे तो काही बोलला नाही. माझं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. तो थांबून राहिला, मी 'ओव्हर' म्हणेपर्यंत.