दोणीतलं पाणी

कोरड्या दिवसाचं काम धाकूतात्या वर्षानुवर्षं करत आला होता. घरोघर जायचं, पिंपं-कुंड्या बघायच्या, पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या की ओतून टाकायचं. लोक कधी चहा देत, कधी शिव्या. पण यंदा त्याची नात मृणालीच डेंग्यूने दवाखान्यात पडली होती, नि आळीत डास येतात कुठून ते काही सापडत नव्हतं.

"साऱ्या गावाचं पाणी ओतलंत," बायको चिमा दवाखान्याचा डबा भरत म्हणाली, "नि घरची पोर तापाने फणफणतेय."

तो पायांत वहाणा घालून बाहेर पडला.

तपासायचं एकच घर राहिलं होतं, आळीच्या टोकाचं. मालक मुंबईला, दाराला कुलूप. इंग्रजांच्या वेळच्या साथीत म्हणे आजारी माणसं घराघरांतून काढून इथे आणून ठेवली होती. त्यातलं परत कुणी आलं नाही.

तो वळसा घालून मागच्या अंगणात गेला, तिथे जांभ्या दगडात कोरलेली पाण्याची दोण होती. मे महिना, नळ कधीचा तोडलेला, तरी पाणी काठोकाठ. आत अळ्यांची नुसती वळवळ. सापडलं एकदाचं! धाकूतात्या तळाच्या भोकातली चिंधी उपसायला वाकला.

"नको रे बाबा ओतू..."

बंद दारामागून बाईचा आवाज आला. फार दमलेला.

"कोण आहे?"

"तापाची माणसं आहेत आत. पाणी पाणी करतात... एवढंच आहे."

दाराच्या फटीतून गंधकाच्या धुरीचा वास आला. जुन्या साथीत देत तशी धुरी आता कुणी देत नाही. आत कुणी कण्हलं, मग दुसरं कुणी, मग पुष्कळ जण.

धाकूतात्या चिंधी धरूनच म्हणाला, "बाय, या पाण्यापायी माझी नात तापात आहे गो..."

आतून आवाज आला, "पोर आहे होय... ओत मग. आम्ही दुसरीकडे बघू."

त्याने चिंधी उपसली. तापल्या कातळाने पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

त्याच आठवड्यात मृणालीचा ताप उतरला. घरी आली त्या संध्याकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर ठेवू लागली.

"कुणाला गो?"

"त्या आजीला. दवाखान्यात उशाशी बसायची. तिकडचं पाणी संपलं म्हणाली."

धाकूतात्याने हंडा भरून बाहेर ठेवला. सकाळी तो कोरडा ठणठणीत. तेव्हापासून रोज भरतो. पाठ दुखते, पण भरतो.

काल दिवेलागणीला मृणाली म्हणाली, "आबा, एक हंडा पुरायचा नाही आता. नवीन माणसं आलीत त्यांच्यात."

"कुठली?"

"आपल्याच आळीतली. नावं सांगू?"

धाकूतात्याने आळीकडे पाहिलं. घराघरांत दिवे लागले होते, भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते. अजून तरी सगळी माणसं धडधाकट होती.