जिवंत भाषेचा निरोप समारंभ

"अरे, पण ही बाई तर अजून बोलतेय!" भोंगा ओरडला.

"हळू!" चष्मिसने त्याच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं.

भोंग्याला हळू बोलणं जन्मात जमलं नाही, म्हणून तर त्याचं नाव भोंगा. चष्मिस त्याची आतेबहीण, वय वर्षं तेरा, टोळीची पुढारी. आणि भोंग्याची धाकटी बहीण बोलावलं नाही तरी मागे मागे येणार म्हणजे येणारच, म्हणून ती शेपूट. सुट्टी लागून आठवडाही झाला नव्हता. तेवढ्यात अध्यक्षकाकांनी तिघांना भर रस्त्यात गाठून समाजकार्याला जुंपलं होतं. समाजकार्य म्हणजे त्यांच्या नव्या दालनातल्या काचेच्या पेट्या फुकटात पुसणे!

अध्यक्षकाका कसले अध्यक्ष? तर घरची भाषा बचाव मंडळाचे. त्या गावात भाषा दोन. शाळेत, दुकानात, ऑफिसात मोठी भाषा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी घरची भाषा. ती बोलणारी माणसं दरवर्षी कमी होत होती आणि अध्यक्षकाका दरवर्षी तिच्यावर नवं भाषण ठोकत होते, तेही मोठ्या भाषेत. स्वतःच्या नातवाला मात्र घरच्या भाषेतला एक शब्द शिकवला असेल तर शपथ!

तर त्या बुधवारी शेवटची पेटी पुसताना भोंग्याला आतली पाटी दिसली होती. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'घरच्या भाषेतील अखेरचे प्रसारण याच मायक्रोफोनवरून झाले.' खाली तारीख होती येत्या रविवारची! पेटीत मायक्रोफोन नव्हता. तो असणार कसा? तो वरच्या मजल्यावर रेडिओमावशीच्या पुढ्यात होता, आणि रेडिओमावशी त्या क्षणी त्यातून बोलत होती. कोपऱ्यातल्या रेडिओवर तिचा आवाज ऐकू येत होता.

रेडिओमावशी रोज एक तास घरच्या भाषेत कार्यक्रम करायची. उद्या वारा किती, कोणाची छत्री हरवली, दवाखान्यात कोण आहे, कोणाचं कोणाशी फिस्कटलं, सगळं त्यात असायचं. शेवटी एक गोष्ट, रोज थोडी थोडी. सध्या गोष्टीतला चोर विहिरीत अडकला होता. मावशी म्हणजे एकटा जीव, मागे पुढे कोणी नाही. या एका तासासाठीच ती उरलेले तेवीस तास काढायची, असं म्हटलं तरी चालेल.

"रविवारी बंद?" शेपूट म्हणाली. "आणि विहिरीतल्या चोराला वर कोण काढणार?"

"गप्प! आले!"

अध्यक्षकाका आत आले. बरोबर कोट घातलेला एक पाहुणा होता. हा सरकारी तपासनीस. मूळचा इथलाच, मोठा झाल्यावर गाव सोडून गेला आणि आता गावाची तपासणी करायला आला होता. पोरांना बघून दोघं दाराशी थबकले. मग त्यांनी गावातला प्रत्येक मोठा माणूस करतो तेच केलं. सरळ घरच्या भाषेत बोलायला सुरुवात केली.

इथे जरा थांबून सांगायलाच हवं. घरची भाषा मुलांना शिकवायची नाही, असं घरोघर ठरलेलं. जीभ जड होते म्हणे! शाळेत हसतात म्हणे! मग ती ठेवली कशाला? तर मुलांपासून लपवालपवी करायला. वाढदिवसाला काय आणलंय, बाबांची बदली होणार का, कोणाचं लग्न मोडलं, कोण नापास झालं, ते सगळं घरच्या भाषेत, मुलांच्या डोक्यावरून. आता या शहाण्यांना एवढंही कळू नये? 'हे तुझ्यासाठी नाही' म्हटलं की पोरांचे कान टवकारतात! तीन वर्षांत तिघं ती भाषा अशी शिकली होती, की शाळेतल्या कुठल्याच विषयाचं एवढं भाग्य नव्हतं. फक्त नियम पाळायचा. विनोद कळला तरी हसायचं नाही आणि सायकल येणार हे कळलं तरी आश्चर्याने उडायचं. भोंगा हसू दाबायला गाल आतून चावायचा. त्याचे गाल कायम सोललेले.

"माझा नियम साधा आहे," तपासनीस घरच्या भाषेत म्हणाला. "चौदा वर्षांखालची मुलं भाषा बोलत असतील, तर ती जिवंत. नसतील, तर मेली. मेली की रेडिओचा तास बंद, आणि वरची खोली तुमच्या स्मृतिदालनाला."

"आणि मी दालनाचा संचालक," अध्यक्षकाका हात चोळत म्हणाले. "दारात माझा अर्धपुतळा. माप देऊन झालंय."

"एखादं कार्टं बोललं तर?"

"छे हो! या टाळक्यांना काय येतंय? पण उगाच धोका नको. रविवारी सकाळी हॉलमध्ये तुम्ही विचारणार, 'कोणी मूल आहे का?' मूलच नसेल तर बोलणार कोण? सगळी पोरं सहलीला धाडतो. मग हॉलमध्ये कर्णा लावून तिचं अखेरचं प्रसारण ऐकवतो. दोन अश्रू ढाळतो, की झालं."

"त्या रेडिओबाईला काय सांगितलंय?"

"सांगितलंय, तुझं कोणी ऐकत नाही."

मग ते पोरांकडे वळले आणि मोठ्या भाषेत गोड गोड हसले. "बाळांनो! रविवारी सर्व मुलांना मोफत सहल बरं का!"

"अय्या, मोफत!" चष्मिस टुणकन उडाली. एवढ्या वर्षांचा सराव तिचा!

दोघं गेल्यावर मात्र तिने फडकं जमिनीवर आपटलं. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हे तर मढं होण्याचीही वाट बघत नाहीत!"

"मावशीला सांगू या," शेपूट म्हणाली.

"ती काय करणार? तिला वाटतंय खरंच कोणी ऐकत नाही. रविवारी हॉलमध्ये जाऊन आपणच बोलायचं."

भोंग्याचा चेहरा पडला. "वेडी आहेस का? एकदा बोललो की संपलं! पुढे आपल्यासमोर कोणी काही बोलेल? बाबांची बदली ठरली तर आपल्याला ट्रक दारात आल्यावरच कळणार!"

खरंच होतं ते. हे गुपित म्हणजे तिघांची एकुलती एक इस्टेट.

"आणि भाषाच गेली तर?" चष्मिसने विचारलं. "मग कशात कुजबुजतील? आणि मावशी काय करेल रे? घरात बसून भिंतीशी बोलेल?"

भोंग्याने पुन्हा गाल चावला. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण माझं दुःख लक्षात ठेव."

रविवारी सकाळी बस पोरांनी खच्चून भरली. दाराशी अध्यक्षकाका स्वतः उभे राहून डोकी मोजत होते, त्यामुळे मागे राहायची सोय नव्हती. बस सुटली आणि चष्मिसने खूण केली.

"ओऽऽऽक!" भोंग्याने सूर लावला. "काका! मला होतंय! उलटीऽऽऽ!"

त्याचा तो आवाज! ड्रायव्हरने ब्रेक दाबला नाही, त्यावर जवळजवळ उभाच राहिला. "उतर! नव्या सीटा आहेत माझ्या! उतर म्हणतो ना!"

"मी त्याची बहीण," चष्मिस उठली.

"मला पण होतंय," शेपटीने गाल फुगवले.

"तिघंही उतरा! घरी जा आणि झोपा!" बस धुरळा उडवत गेली. एवढी मुलं जबाबदारीवर दिलेली, आणि माणसाला काळजी कशाची? तर सीटांची!

तिघं पळत सुटली. इमारतीच्या मागच्या जिन्यापाशी पोचली, तेव्हा हॉलमधून कर्ण्याचा आवाज येत होता. मावशीचा तास सुरू झाला होता.

हॉलमध्ये सोहळा रंगात आला होता. गावातले यच्चयावत आईबाप आणि आजीआजोबा जमले होते. तपासनीसाने विचारून घेतलं होतं, "घरची भाषा बोलणारं मूल आहे का कोणी?" मुलांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. मग अध्यक्षकाकांचं भाषण झालं. "आजची पिढी! या पिढीला काही पडलेलीच नाही!" आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ज्यांनी घराची दारं लावून पोरांपासून भाषा लपवली, तेच आता रुमाल काढून तिच्यासाठी रडत होते. हसावं की रडावं?

वर रेडिओच्या खोलीत लाल दिवा लागला होता. मावशी मान खाली घालून उद्याचा वारा सांगत होती. दार उघडलं, तिने ओठांवर बोट ठेवलं, पण चष्मिस सरळ पुढे गेली आणि मायक्रोफोनला तोंड लावून घरच्या भाषेत बोलू लागली.

"मी तेरा वर्षांची आहे. हा बारा, ही आठ. आम्हाला ही भाषा येते. आम्ही मावशीचा कार्यक्रम रोज ऐकतो, अभ्यासाचं पुस्तक समोर धरून. आज सगळ्या मुलांना मुद्दाम सहलीला पाठवलंय. 'मूलच नसेल तर बोलणार कोण,' असं अध्यक्षकाका म्हणाले. 'दारात माझा अर्धपुतळा, माप देऊन झालंय,' असंही म्हणाले. आमच्यासमोरच म्हणाले!"

"टाळकी म्हणाले आम्हाला!" भोंगा मागून गरजला. त्याला कर्ण्याची गरजच नव्हती.

मावशी जागीच खिळली. तिच्या हातातला कागद खाली पडला. तिघं तिला ओढतच जिना उतरली आणि हॉलमध्ये घुसली. तिथे एकच गलका उडाला होता.

"फसवाफसवी!" अध्यक्षकाका लालबुंद होऊन ओरडत होते. "पाठ करून घेतलंय हिने! पोपटपंची! या बाईने खोली वाचवायला पोरांना पढवलंय!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! तपासनीसानेही मान डोलावली. "पाठांतर मी धरत नाही. हे बोलणं पढवलेलं नाही, याला पुरावा काय?"

चष्मिसने बोलायला तोंड उघडलं. आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना शेपूट एका खुर्चीवर चढली.

"गेल्या महिन्यात आत्याने आईला साडी दिली," ती घरच्या भाषेत खणखणीत आवाजात म्हणाली. "आई आत्यासमोर म्हणाली, किती सुंदर! आणि आत्या गेल्यावर बाबांना म्हणाली, हिने तर खिडकीचा पडदाच फाडून आणलाय!"

"अगंऽऽ!" भोंग्याची आई किंचाळली. शेजारीच बसलेली आत्या, म्हणजे चष्मिसची आई, हळूच तिच्याकडे वळली.

"बाबा साहेबांना ताप आहे सांगतात आणि दिवसभर क्रिकेट बघतात," शेपूट पुढे म्हणाली. दुसऱ्या रांगेत साहेब होते. "आणि समोरच्या आजोबांचे दात—"

"पुरे! पुरे!" समोरचे आजोबा तोंड झाकून उठले.

"आणि अध्यक्षकाकांचं भाषण सुरू झालं की आमच्या घरी—"

"पुरे म्हटलं ना! येते हो पोरीला भाषा! अहो तपासनीस, लिहा की जिवंत म्हणून! लवकर लिहा!" भोंग्याचे बाबा घामाघूम झाले होते. "हे कोण पढवेल? आपल्या हाताने आपली अब्रू कोण काढेल?"

तपासनीसाने घाईघाईने लिहिलं. हॉलमधला एकेक जण आपल्या घरात गेल्या काही वर्षांत आपण काय काय बोललो, ते आठवत होता. कोणाच्याच चेहऱ्यावर रंग नव्हता. अध्यक्षकाका मात्र कोडगे. क्षणभर दम खाऊन ते माइकपाशी गेले. "आमच्या मंडळाच्या अथक प्रयत्नांना आज—"

"हे आधी वाचा!" शेपूट बोलत असताना दालनात पळत जाऊन आणलेली सोनेरी पाटी भोंग्याने त्यांच्या नाकासमोर धरली. "आजची तारीख कोणी घातली? ही पाटी बुधवारीच तयार होती!"

अध्यक्षकाकांनी पाटीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि मागच्या दाराने जे गेले ते गेलेच. तपासनीसही कोट सावरत त्यांच्या मागोमाग निघाला. मंडळाला त्याच संध्याकाळी नवा अध्यक्ष मिळाला, आणि वरची खोली रेडिओमावशीचीच राहिली.

मग काय विचारता! कौतुकाचा नुसता पूर आला. "आमच्या घरात वातावरणच तसं!" भोंग्याचे बाबा साहेबांना सांगत होते. "हुशार आहेत हो पोरं, आमच्यावर गेली आहेत!" चष्मिसची आई म्हणाली. सगळं कौतुक चाललं होतं मोठ्या भाषेत. तिघं ऐकत उभी होती.

गर्दीतून वाट काढत रेडिओमावशी आली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत. ती तिघांसमोर वाकली, एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि घरच्या भाषेत एकच शब्द म्हणाली.

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. नापास, बदली, दुखणं, भांडण, कर्ज, सगळे शब्द त्यांना येत होते. हा मात्र कधी कानावरच पडला नव्हता.

"म्हणजे काय गं मावशी?" शेपटीने विचारलं.

मावशीने मान वर करून त्या सगळ्या आईबापांकडे एकदा नीट बघितलं.

"म्हणजे शाबास," ती म्हणाली.

एकालाही तिच्या नजरेला नजर देता आली नाही.