निळ्या ड्रममधले मासे

"परत नाय कापलं!" विश्वजीतनं ॲक्रिलिकची पाटी उलटी करून दाखवली. "वरून रेघ, खालून साबूत!"

प्रेरणानं ती मामेभावाच्या हातातून घेतली. दुपारपासूनची ही सातवी पाटी!

धोंडिबामामांनी कपाळावर हात मारला. "सकाळी माझ्या हातानं लोण्यासारखं कापतंय, अन् दुपारी तुझा हात लागला की बंद! बास झालं. उद्या संध्याकाळी पाचच्या गाडीनं घरी सिल्लोडला जायचं. मशीनला आता हात लावायचा नाय!"

"पायगुण म्हणत्यात तो हाच," दारातून गीतामामींनी पुस्ती जोडली.

बिचारी प्रेरणा! सुट्टीत बजाजनगरला आली ती मामांचं लेझर कटर शिकायला. उजेडाच्या रेघेनं कापणारं मशीन, आणि रेघ तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! मामांनी तीन दिवस नुसते नियम घोकून घेतले. झाकण बंद, धुराचा पंखा चालू, काम चालू असताना जागा सोडायची नाही. चौथ्या दिवशी दुपारची पाळी मिळाली आणि तेव्हापासून तिच्या हातून एकही पाटी आरपार कापली गेली नाही.

तो दोन हजार चोवीसचा उन्हाळा होता. सावल्यासुद्धा भिंतीला चिकटून झोपायच्या. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही इतकं बारीक की सुईत ओवून घ्यावं! वाळूजच्या बाजूला मात्र रोज एक नवी इमारत उगवायची. इमारतींना पाऊस लागत नाही ना! अशाच एका सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे शेजारचे तात्यासाहेब. 'पाणी जपून वापरा' अशा चाळीस पाट्या त्यांनीच मामांना करायला सांगितल्या होत्या. शनिवारपर्यंत हव्या होत्या आणि झाल्या होत्या फक्त नऊ.

मामा चहाला गेले तशी तात्यासाहेबांची नात स्वरदा आत शिरली. विश्वजीतनं तिला सगळं सांगितलं.

"भिंग पुसलं?" तिनं विचारलं.

"दोनदा," प्रेरणा म्हणाली.

"वेग?"

"सकाळचाच. ताकदपण तीच. माझाच हात वाईट असेल गं."

"हात कसला वाईट? काय पण!" म्हणत विश्वजीत मशीनमागच्या छोट्या निळ्या ड्रमला टेकला आणि उडालाच! "आई गं! यात चहा उकळतोय का?"

ड्रममधलं पाणी पंपानं उजेडाची रेघ सोडणाऱ्या लेझरच्या नळीभोवती फिरायचं आणि नळी थंड ठेवायचं. प्रेरणानं झाकण उचललं. पाणी पार तळाला, आणि हात घालवेना इतकं गरम!

"सोमवारी पप्पांनी काठोकाठ भरलं होतं," विश्वजीत पुटपुटला. "झाकण असताना आटलं कसं?"

"आटलं नाही," प्रेरणा म्हणाली. "कुणीतरी नेलं. सकाळी थोडं पाणी कसंबसं पुरतं. दुपारी तापलं की नळीचा दम जातो!"

ती धावत मामांकडे गेली. पण मामा चिडले. "आता पाण्यावर ढकलतीस व्हय? ड्रमला झाकण हाय की!"

"संपलं सगळं," प्रेरणा परत येऊन म्हणाली. "उद्या लपून बघायचं का?"

"आणि मोठं माणूस निघालं तर?" स्वरदानं विचारलं. "पोरांचं कोण ऐकणार?"

विश्वजीतनं खिडकीतली बरणी उचलली. आरोग्यवाल्या ताईंनी डासांच्या अळ्या खायला दिलेले सहा गप्पी मासे! हौद कोरडा म्हणून ते महिनाभर लोणच्याच्या बरणीत संसार करत होते.

"यांचं ऐकतील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामांनी रागानं मशीन सुरूच केलं नाही. त्यामुळे पाणी गार होतं. जेवणाच्या आधी पोरांनी मासे ड्रममध्ये सोडले. अडीच वाजता झाकण उघडलं तर मासे दोनच!

तिघं गल्ली पालथी घालू लागले. रांजण कोरडे, टाक्या कोरड्या, बादल्यांत धूळ. चार वाजले. मामींनी प्रेरणाची पिशवी ओट्यावर आणून ठेवली. प्रेरणाला रडूच यायला लागलं.

इतक्यात शेजारून तात्यासाहेबांची आरोळी आली, "स्वरदा! कूलर घरघर करतोय, बघ जरा!"

स्वरदा आत गेली. तिनं कूलरची जाळी काढली. खालच्या पाण्यात चार मासे आरामात फिरत होते! जाळी परत लावली असती तर कुणाला कळलं असतं? पण खिडकीतून तिला ओट्यावरची ती पिशवी दिसत होती.

"आजोबा!" ती गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. "कूलरमध्ये मासे आहेत!"

तात्यासाहेब बनियनवरच आले. "मासे? नळातून आले असतील!"

"नळाला सोमवारपासून पाणी नाही, आजोबा! हे मासे आम्ही मामांच्या ड्रममध्ये सोडले होते!"

एव्हाना मामा, मामी, अर्धी गल्ली गोळा झाली होती. तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. "अरे, दुष्काळात एवढं पाणी नुसतं झाकून ठेवलेलं! मशीन काय पाणी पितं? म्हटलं, कुजण्यापेक्षा... रोज एकच बादली नेत होतो."

मामा तडक मशीनच्या शेडमध्ये गेले. नळी निरखून ते परत आले. "नळी अर्धी मेली. नवी आता कुठून आणू? पण पोरी, चूक माझी. रोज झाकण उघडून पाणी बघायचं, हा पहिला नियम मी तुला सांगितलाच नाय. मलाच ध्यानात राहिला नाय!"

"लई हुशार पोरं," मामी हळूच म्हणाल्या. "मी उगाच बोलले."

तात्यासाहेबांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं पाणी आणून ड्रममध्ये ओतलं. मासे बरणीत परत गेले. "सगळ्या पाट्या होतील ना?" त्यांनी चाचरत विचारलं.

"वीस झाल्या तरी नशीब," मामा म्हणाले.

"मग पहिली माझ्याच दारावर लावा. शाबास, पोरांनो! माझी चोरी मलाच दाखवलीत."

मामांनी प्रेरणाला पुढं केलं. तिनं झाकण लावलं, पंखा सुरू केला, वेग अर्धा केला. पहिली फेरी झाली. पाटी साबूत! दुसरी झाली. साबूतच! तिसऱ्या फेरीत धुराची बारीक रेघ उठली, आणि मशीन थांबल्यावर प्रेरणानं पाटी उचलली, तर भोवतीची चौकट खालीच राहिली! पाटी आरपार सुटली होती!

"अजून किती दिवस चालेल नळी, मामा?"

"चार. नायतर दोन." मामांनी स्टूल तिच्याकडं सरकवलं. "बघत काय बसलीस? दुसरी पाटी ठेव."