तेवीस नंबरचा फोटो

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात बादल मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर स्कार्फ बांधलेला होता. नुसते डोळे उघडे. धुळीसाठी आमच्याकडच्या सगळ्याच पोरी बांधतात. माझं कारण वेगळं होतं.

हातात फोटोंचा अल्बम होता. चाळीस मुलींचे चाळीस चेहरे. नावं नाहीत, फक्त नंबर. मी यवतमाळला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि माझ्या प्रकल्पाचा विषय होता – जोडीदार निवडताना माणूस चेहऱ्यात काय बघतो. लग्नाच्या वयाच्या शंभर मुलांना हे फोटो दाखवायचे आणि प्रत्येक चेहऱ्याला दहापैकी गुण द्यायला सांगायचे. सत्तर जण झाले होते.

तो आपल्या काळीपिवळी जीपला टेकून भुईमुगाच्या शेंगा खात उभा होता. सवारी भरायची वाट बघत.

"भाऊ, दहा मिनिटं आहेत का?"

"जीप भरेपर्यंत आहेत. पण भाऊ नको म्हणू."

"मग काय म्हणू?"

"बादल म्हण. आईनं एवढं चांगलं नाव ठेवलं, कोणी तं घ्यावं."

मी स्कार्फच्या आत हसले. त्यानं हात पँटला पुसले आणि अल्बम घेतला. प्रत्येक फोटोवर त्याचं काहीतरी म्हणणं होतं. ही रागीट वाटते, सहा. हिले झोप येऊन राह्यली, पाच. हिच्या घरी नक्की दोन म्हशी असतील, आठ... मी हसत होते आणि लिहीत होते. मग तेविसावा फोटो आला. बाकीच्यांकडे पाहिलं तेवढाच वेळ त्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"दोन," तो म्हणाला आणि पान उलटलं.

मी दोन लिहिले. सत्तर जणांनी सवय लावली होती.

शेवटी अल्बम परत देताना तो म्हणाला, "आणि एकेचाळिसावा?"

"चाळीसच आहेत."

"तुहा फोटो कुठं आहे? डोळ्याले आताच नऊ देतो. बाकीचं पाह्यल्यावर सांगीन."

तेवीस नंबर मीच होते. एकोणचाळीस मुलींनी परवानगी दिली होती, माझ्या मार्गदर्शक विजयमाला मॅडमना चाळीस हव्या होत्या, म्हणून मी माझा फोटो लावून दिला. नऊ वर्षांची असताना मला ताप आला आणि चेहऱ्याची डावी बाजू उतरली. गाल लोंबतो, आणि हसले की तोंड उजवीकडे ओढलं जातं. मॅडम वर्गात शिकवायच्या – मोराचा पिसारा लांडोरीला सांगतो की मी धडधाकट आहे. माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या असल्या की तेच सांगतात. लाखो वर्षं डोळा हेच निवडत आला. निवडायला त्याला क्षणही लागत नाही.

मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. दोनदा अधोरेखित केलं होतं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरच आहे. दुसऱ्या दिवसापासून मी फाट्यावर उभी राहिले की बादलचीच जीप थांबायची आणि पुढची सीट रिकामी असायची. मागे दहा-बारा माणसं कोंबलेली, आणि पुढे मी एकटी.

"तुम्ही लोक कॉलेजात काय शिकता?" तो विचारायचा.

मी मोराचं सांगितलं.

"मंग माणसाचा पिसारा कोणता?"

"चेहरा."

"आणि ज्याले पिसारा नाही त्यानं?"

"त्यानं जीप चालवावी."

मागच्या बायका हसल्या. तोही हसला, आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला... स्कार्फमधून उघड्या असलेल्या त्या दोन डोळ्यांकडे. मला वाटायचं, हा रस्ता यवतमाळला पोचूच नये.

तीन आठवडे असे गेले. जानेवारीत एका दुपारी अवकाळी पाऊस आला, फुटलेला कापूस शेतात भिजत होता. लाडखेडला चहाच्या टपरीपाशी जीप थांबली, तोवर काच नसलेल्या बाजूनं मी चिंब झाले होते. ओला स्कार्फ नाकाला चिकटून श्वास कोंडायला लागला. बादल दोन कप घेऊन आला. मी गाठ सोडली.

त्यानं पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते शोधत होते – दचकणं, कीव, काहीतरी. आणि हा ओळखेल का, हेही.

"चहा घे," तो म्हणाला. "थंडा होते."

परत निघताना म्हणाला, "तू एवढं हसतं हे मले माहीतच नव्हतं. स्कार्फात समजे ना."

त्यानं फोटो ओळखला नव्हता. नंतर मी निघताना स्कार्फ घरीच विसरायला लागले. पळस फुलला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. गाडी रिकामी असली की तो एखाद्या झाडाखाली थांबवायचा, आणि आम्ही उगाच बोलत बसायचो – त्याच्या बहिणीचं, माझ्या परीक्षेचं. एकदा त्यानं माझ्या डाव्या गालावर पडलेला कापसाचा तंतू बोटानं उचलला. त्या गालावर मला स्पर्श पूर्ण कळतो. फक्त त्याला हलता येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "अर्पिता, आईले तुह्या घरी पाठवू का?"

मला हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गुणांचा कागद घेऊन गेले.

"हे काय?"

"तेवीस नंबरपुढं काय लिहिलंय ते वाच."

"दोन."

"तो फोटो माझा होता."

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "मले आठवत नाही गं. कसम. चाळीस फोटो होते."

"म्हणूनच ते खरं आहे. तू विचार न करता दिलेस."

"तवा मी तुले ओळखत नव्हतो."

"ओळख नसतानाच डोळा खरं बोलते. त्याच्यानंतर जे असते ते कीव असते. नाहीतर सवय."

"हे तुह्या पुस्तकात आहे?"

"हाव."

त्यानं माझ्या हातातला पेन घेतला, दोन खोडले आणि दहा लिहिले. अक्षर मोठं, मुलासारखं. "घे. आता हेही खरं आहे."

मी कागद दुमडून पिशवीत टाकला आणि हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते मला सांगायला आवडत नाही. जीपमध्ये एखादी देखणी पोरगी बसली की मी त्याच्या नजरेचे सेकंद मोजायचे. त्यानं माझ्यासाठी सीट ठेवली तर वाटायचं, बिचारी म्हणून ठेवली. एखाद्या दिवशी नाही ठेवली तर वाटायचं, बघा, आलं खरं बाहेर. "माझ्या जागी ती पिवळ्या ओढणीवाली असती तर?" मी विचारायचे. तो समजावायचा. मी पुन्हा विचारायचे. दोन महिने त्यानं उत्तरं दिली.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्यानं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तुले होकार नाही पाहिजे," तो शांतपणे म्हणाला. "तुले पुरावा पाहिजे. तो मी कुठून आणू?"

त्यानं इंजिन सुरू केलं. त्या दिवसानंतर त्याचा फोन आला नाही, आणि मी स्वतःशी म्हटलं, बरोबर होतं माझं. बरोबर असण्याचं इतकं दुःख असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी एसटीनं जायला लागले.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी माझे तक्ते चाळले. तेवीस नंबरच्या फोटोपुढची सरासरी सगळ्यात खाली होती. तिथं त्यांची नजर थांबली, मग माझ्या चेहऱ्याकडे गेली.

"हे गुण एकदाच घेतले?" त्यांनी विचारलं. "ओळख झाल्यावर कुणाला पुन्हा विचारून पाहिलं?"

"एकाला, सर."

"मग?"

"त्याचे गुण बदलले. पण ते मी तक्त्यात धरले नाहीत."

"का?"

"मला ते खरे वाटले नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नव्हतं. माणसानं जे सांगितलं ते लिहून घ्यायचं होतं."

तिथंच निकाल कळला, मला पहिला वर्ग मिळाला. मी तिथून धावत जीपच्या अड्ड्यावर गेले. बादल टायर बघत होता. माझ्याकडे पाहून उभा राहिला, हात काळे.

"मी विश्वास ठेवला नाही," मी म्हटलं. धाप लागली होती. "चुकलं माझं. तू सांगितलं होतंस ते खरं होतं. मला... मला तू पाहिजेस."

त्यानं काळे हात फडक्याला पुसले. आजूबाजूला ड्रायव्हर ओरडत होते – दारव्हा, दारव्हा.

"माही सगाई झाली, अर्पिता. गेल्या रविवारी. दिग्रसची आहे."

"तुला आवडली?"

"आईनं विचारलं, मी हाव म्हटलं. मी नीट पाह्यलंही नाही तिच्याकडे." मग थोडं थांबून म्हणाला, "तिनं मले पसंत केलं. एका नजरेत. काही विचारलं नाही तिनं."

"मोडता येणार नाही का?"

"तिचा काय गुन्हा?"

त्याचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं, आणि या वेळी मोजलं नाही. "त्या दिवशी हाव म्हणायचं होतं गं," एवढंच तो म्हणाला. "मी किती वाट पाह्यली."

पुढची एसटी अंधार पडल्यावर होती, म्हणून त्याच्याच जीपनं यावं लागलं. पुढची सीट रिकामी होती. मी मागे बसले, दोन पोत्यांच्या मध्ये. चाळीस किलोमीटर त्यानं एकदाही आरशात पाहिलं नाही. फाट्यावर उतरले तेव्हा म्हणाला, "सांभाळून जाजो," आणि गिअर टाकला.

घरी माझी याडी, म्हणजे आई, लालीबाई, दारातच उभी होती. निकाल ऐकून तिनं माझ्या तोंडात साखर घातली, मग डबा घेऊन अख्ख्या तांड्यात वाटत फिरली. शेजारणी आल्या, पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी प्रत्येकीला सांगत होते – हो, पहिला वर्ग. हो, यवतमाळलाच.

दिवेलागणीला याडी माझ्याशेजारी येऊन टेकली. चेहरा आनंदानं उजळला होता.

"आता स्थळं पाहायला सांगते मामाला," ती म्हणाली. "एवढी शिकली तू. आता कोणी नाही म्हणणार नाही."

तिच्या हाताला अजून साखर लागलेली होती. तो हात मी हातात घेतला.

"सांग," मी म्हटलं.