सगळ्यात हळू मी

सहा महिन्यांपूर्वी सदर बाजारात भर गर्दीत माझ्या सायकलची चेन उतरली आणि नेमका हा शिशिर मागून आला. चेन बसवून दिली, काळे हात माझ्या ओढणीले पुसले — विचारून पुसले, तेवढं खरं — आणि रविवारी आमच्या सायकल ग्रुपात ये म्हणाला. तेव्हापासून माझ्या डोक्याले ताप आहे.

ग्रुपाचा एक नियम आहे. जो सगळ्यात हळू, त्याच्या मागे नारिंगी जाकीट घातलेला एक जण सायकल चालवतो. त्याले आम्ही झाडू म्हणतो. झाडू कोणाले मागे सोडून पुढे जात नाही. शिशिर आमचा झाडू. आता सांगा, मी काय करावं? मी हळू झाली. रोज सकाळी एकटी तीस किलोमीटर मारणारी मी, दर रविवारी रखडत पॅडल मारू लागली, कारण मागे तो असायचा. आणि हा शहाणा सहा महिने मले काय सांगून राहिला? गिअर हलका कर. पाणी पी. खांदे सैल सोड.

त्या रविवारी गाडीत सायकली घालून आम्ही केशकालच्या घाटाखाली उतरलो. घाट तसा सोपा, चढ अंगावर येत नाही, वळणं तेवढी भरपूर. दुसऱ्या वळणावर मी त्याले सरळ सांगून टाकलं, की नागपूरचं स्थळ आहे, पोरगा इंजिनिअर आहे, आणि आज संध्याकाळी बाबा होकार कळवणार आहेत. मुद्दाम मान वळवून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते... ओठ हलले...

"पुढे चढ आहे," तो म्हणाला. "गिअर हलका कर."

असा संताप आला म्हणून सांगू. गिअर जड केला आणि उभं राहून पॅडल हाणलं. रेल्वेतून रिटायर झालेले गुलाबरावकाका पुढे धापा टाकत होते, त्यांना मागे टाकलं. रेंगाळणारा एक ट्रकही टाकला. मागून माझं नाव ऐकू आलं, मी वळली नाही. रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. आता सगळ्यात हळू काका होते, आणि झाडू त्यांच्याच मागे राहणार, हे मले पक्कं ठाऊक होतं.

घाटमाथ्यावर बाकीचे चहा पीत बसले होते. होकार द्या म्हणून सांगावं, असं ठरवून मी बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तेवढ्यात शेवटच्या वळणावरून तो डोलत डोलत वर आला. अंगात जाकीट नव्हतं.

"जाकीट कुठं आहे?" मी विचारलं.

"काकांना घातलं... आता तेच झाडू."

मी मुद्दाम हळू चालवत होती हे तरी कळलं का, असं मी चिडूनच विचारलं. तर म्हणे चौथ्याच रविवारी कळलं, कारण मले कधी घामच येत नव्हता.

"मग गिअर गिअर काहून करत होता?"

"दुसरं बोललो असतो तर... तू पुढे निघून गेली असती." त्याने सायकल सोडून दिली, ती आडवी पडली. "तू मले आवडते, यामिनी. लय आवडते. नागपूरले हो म्हणू नको."

फोन वाजला. बाबा होते. मी फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, बोल. पण त्याच्या तोंडून नुसती धाप निघे. पलीकडून बाबा घाबरून विचारून राहिले, कोण आहे, कोणी पडलं काय, लागलं काय. शेवटी मीच फोन ओढून घेतला. देवा, हेही मलेच करायचं होतं.

"बाबा, नागपूरले नाही कळवा."

"काहून?"

मी त्याच्याकडे पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून तो श्वास घेत होता आणि हसून राहिला होता.

"एक पोट्टा आहे, बाबा. बोलाले त्याले जरा वेळ लागते. संध्याकाळी घरी घेऊन येते."