डावीकडे ओढणारं विमान

"काका, विमान पडलं. पेटलंच हो. काही उरलं नाही."

फोनवर लांब्या होता, मुलाचा जिवलग मित्र. लिफ्टवाले काका फोन कानाला धरून नुसते उभे राहिले. उभा जन्म त्यांनी लिफ्टचे अपघात तपासण्यात घालवला होता. काही पडलं म्हटलं की त्यांचं डोकं आपोआप चालू व्हायचं. मन मात्र मुलगा गेल्यापासून बधिर होतं.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि चांगला हाताशी आलेला मुलगा गेला. काकांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. त्यांनी भराभर त्याचं सामान वाटून टाकलं. कपडे गेले, सायकल गेली, पुस्तकं गेली. पलंग तेवढा राहिला, तोही दारातून निघेना म्हणून.

आणि राहिलं होतं हे विमान. रिमोटवर उडणारं, हवाई कसरतींच्या स्पर्धेसाठी मुलाने जिवाचं रान करून बनवलेलं. जेवता जेवता तो समजावून सांगायचा, "बाबा, एकच पंखा असला की त्याच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढतं. मग मोटर मुद्दाम जराशी उजवीकडे तिरकी बसवायची, वर शेपटीच्या सुकाणूने, रडरने, सावरत बसायचं. माझ्या नव्या विमानाला एकापुढे एक दोन पंखे आहेत. एक असा फिरतो, दुसरा उलटा. दोघांची ओढ एकमेकांत जिरते. सरळ वर चढताना नाक केसभर हलणार नाही!"

रविवारी लांब्या ते स्पर्धेत उडवणार होता. त्यानंतर ते कायमचं मुलाच्या विमान क्लबला द्यायचं, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

काकू इस्त्री करत होत्या. काकांनी त्यांना बातमी सांगितली.

"लांब्याला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग ठीक." इस्त्री पुढे सरकली.

सायकल गेली तेव्हा हीच बाई दोन दिवस जेवली नव्हती. काकांना आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी ते फक्त लक्षात ठेवलं.

मैदानावर लांब्या एक पोतं घेऊन उभा होता. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आज तो बुटांकडे बघून बोलत होता.

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. सकाळी एकटाच सरावाला आलो होतो."

"काय झालं ते नीट सांग."

"सरळ वर चढवत होतो. नाक डावीकडे ओढायला लागलं. मी नेहमीसारखा उजवा रडर दिला, तो जरा जास्तच झाला. मग हातातून गेलंच."

"आणि आग?"

"आपटल्यावर बॅटरीने पेट घेतला."

"पंखे?"

"तुकडे झाले, काका. मिळाले तेवढे आणलेत."

काकांनी पोतं घरी आणून गॅलरीत वर्तमानपत्रावर रिकामं केलं. अर्धवट जळलेली एक प्लायवुडची फळी निघाली, तिला मोटर चार बोल्टांनी घट्ट बसवलेली होती. डावीकडच्या दोन बोल्टांखाली वॉशर होते. उजवीकडे नव्हते. काकांनी दोनदा बोट फिरवून खात्री केली. मग त्यांनी शिडी लावून माळा पाहिला आणि लांब्याला संध्याकाळी घरी बोलावलं.

तिघं स्वयंपाकघरात बसले. चहा कोणी घेतला नाही.

"लांब्या, तुला खोटं बोलता येत नाही," काका सपाट आवाजात म्हणाले. "बोटांना जे जाणवलं ते तू सांगून मोकळा झालास. विमान डावीकडे ओढत होतं. दोन उलट्या पंख्यांचं विमान असं ओढत नाही. म्हणजे तू उडवलंस त्याला पंखा एकच होता."

लांब्याने मान खाली घातली.

"ही मोटर बघ. डावीकडे वॉशर घालून उजवीकडे तिरकी केलीय. नव्या विमानाला हा उपद्व्याप कशाला हवा? जळलं ते त्याचं जुनं विमान. दोघांचा रंग एकच, त्यामुळे तुकडे बघून कोणाला कळणार?" काका काकूंकडे वळले. "पण जुनं आपल्या माळ्यावर होतं. आता तिथे रिकामं खोकं आहे. घरातल्या माणसाने काढून दिल्याशिवाय ते याच्या हातात गेलंच नसतं. आणि या घरात आपण दोघंच राहतो."

"काका, ती कल्पना माझी—"

"गप रे," काकू म्हणाल्या. "अहो, त्याला कशाला धरता? मी करायला लावलं. माझ्यासाठी त्याने स्पर्धेवर पाणी सोडलं."

"का केलंस?"

"तुम्ही देऊन टाकणार होतात म्हणून! सगळं दिलंत. एका शब्दाने विचारलंत मला? जळलेली वस्तू न्यायला कोणी दारात येत नाही."

काकांनी मोटर खाली ठेवली. मग म्हणाले, "कुठे आहे?"

काकूंनी त्यांना मुलाच्या खोलीत नेलं. पलंगाखालून चादरीत गुंडाळलेलं धूड ओढून काढलं. पुढचा पंखा त्यांनी बोटाने हलवला. मागचा उलटा फिरला.

काका जमिनीवर बसले. "वस्तू नजरेआड गेल्या की त्रास कमी होईल, असं वाटलं मला."

"झाला?"

"मला काहीच होत नाही गं. कमी नाही, जास्त नाही."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. क्लबचे सेक्रेटरी होते. बातमी खरी का, आणि एखादा अवशेष क्लबात ठेवण्यासारखा आहे का, असं विचारत होते. नोकरीत साहेबांनी कितीही दम दिला तरी काकांनी एकाही खोट्या अहवालावर सही केली नव्हती.

"मी स्वतः तपासलंय," काका म्हणाले. "दोन पंख्यांचंच होतं. तेच पडलं. जळून..."  त्यांचे खांदे गदगदू लागले.

पलीकडून सेक्रेटरी समजूत घालत होते, "अहो काका, एका विमानाचं एवढं काय मनाला लावून घेता?"

काका ओक्साबोक्शी रडत होते. काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि बंद केला.