सुटलेली पाचर

"मालक आहेत का?"

या एका प्रश्नाचा मला जेवढा राग यायचा, तेवढा जगात दुसऱ्या कशाचाच येत नसे. सत्त्याण्णव सालचा श्रावण होता. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं मोटर वायंडिंगचं दुकान, आणि त्या सकाळी दुकानात मी एकटीच होते.

"मी आहे," मी म्हटलं. "बोला."

दारात एक उंच माणूस उभा होता. शर्ट भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले, हातात सायकल. सायकल साधीच, पण मागच्या चाकाच्या मधोमध पातेल्याएवढा लोखंडी डबा आणि दांडीला बांधलेल्या दोन बॅटऱ्या.

"तुम्ही नाही हो… सुभेदार नाथाजी. त्यांनी ही मोटर भरून दिली होती."

"अण्णा मिलिटरी कॅन्टीनला गेलेत. काम सांगा."

"काम?" त्याचा आवाज चढला. "ही मोटर खरखरते, हे काम! गेल्या आठवड्यात, नागपंचमीला, माझी मावशी हिच्यावरून शिराळ्यात चालली होती. आवाजानं समोरच्या बैलगाडीचे बैल बिथरले. मावशी खाली पडली. मनगट मोडलं तिचं."

मी डब्याकडे पाहिलं आणि ओळखलं. आषाढात सांगलीहून पार्सलनं आलेलं जुन्या सीलिंग फॅनचं पोट. सोबत सुबक अक्षरातली चिठ्ठी. 'विजेची सायकल बनवत आहे. कृपया तीन फेजमध्ये भरून द्यावे. अवधूत, पॉलिटेक्निक, सांगली.' ते काम मी दोन दिवस जेवणखाण विसरून केलं होतं. हो, मी. दोन वर्षांपासून माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा हात थरथरत होता. ते पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, मी पडद्यामागे तांब्याची तार गुंडाळून मोटरी भरायचे. हे बाहेर कळलं तर एमआयडीसीतल्या मोटरी दुसऱ्याच दिवशी बंद होतील, अशी आम्हा दोघांनाही खात्री होती.

"वायंडिंगचा आवाज असा नसतो," मी ठणकावलं. "वायंडिंग गेलं तर वास येतो. बेअरिंग कुणी बसवलं?"

"मी."

"आस?"

"तोही मीच."

"मग आवाजही तुमचाच."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"हसायला काय झालं?"

"नाही… हसलो कुठं?"

मी चाक उचलून हातानं फिरवलं. गप्प. बॅटरी जोडली. नुसती हलकी गुणगुण.

"ऐका. काही आहे का हिला?"

"रिकामी आहे तोवर गप्पच असते. माणूस बसून चढाला लागली की ओरडते."

"मग बसा, चढवा."

"मी चढवीन. पण चाकाला कान कोण लावणार?"

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, ओढणी कमरेला खोचली आणि कॅरियरवर बसले. समोरच्या शालूबाई भाजीची पाटी तशीच सोडून उठून उभ्या राहिल्या.

"आगं शरयू, कुठं गं निघालीस?"

"मोटर ऐकायला!"

राजवाड्याकडे जाणारा चढ लागला आणि सुरू झालं… खर्र… खर्र… चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. मी वाकून कान देत होते. एका हातानं सीटची स्प्रिंग धरलेली. त्याच्या शर्टाला पावसाचा आणि सोल्डरिंगच्या धुराचा वास होता.

"काही कळलं?"

"गप्प बसा, ऐकू द्या."

"मी काहीच—"

"श्वासही हळू घ्या!"

त्यानं खरंच श्वास रोखला. चढ संपेस्तोवर त्याचे कान लालबुंद झाले होते… आणि ते आपल्या लक्षात आलं, याचा मला पुन्हा राग आला.

दुकानात परतल्यावर तो चहा आणायला गेला आणि मी चाक उघडलं.

आतल्या चुंबकांवर सगळीकडे एक बारीक, ताजा ओरखडा. मग मला ती सुटलेली पाचर दिसली. मोटरीच्या खाचांमधल्या तारा बाहेर येऊ नयेत म्हणून प्रत्येक खाचेवर बांबूची पातळ पाचर ठोकतात. बांबू चांगला वाळवून घ्यावा लागतो. आषाढात ऊन नव्हतं आणि मला धीर नव्हता. बाकीच्या सगळ्या दुकानांनी नाकारलेलं काम मी करून दाखवणार होते ना! मोटरीच्या उष्णतेनं ती ओली पाचर वाळली, आकसली आणि निसटली. भार आला की तारा थरथरायच्या आणि तिला वर ढकलायच्या. ती चुंबकांवर घासायची. खर्र.

मी अंगठ्यानं दाबलं. पाचर आत बसली. वर व्हार्निशचा एक थेंब सोडला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्यानं बसवलेला आस जरासा वाकडा होताच. त्यावर ढकलता आलं असतं.

बाहेर चहाच्या ग्लासांचा आवाज आला. मी नखानं पाचर पुन्हा वर काढली.

"आवाज हिचा आहे," मी म्हटलं. "चूक आमच्या दुकानाची."

त्यानं त्या पाचरीला बोट लावून बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असू दे. वय झालं की हात जरा…"

त्या मऊपणानं माझं डोकंच फिरलं.

"अण्णांचं नाव घ्यायचं नाही! त्यांच्या हातात दोन वर्षं कात्रीसुद्धा राहत नाही. ही मी भरलीय. या दुकानातली प्रत्येक मोटर मी भरते! जा, सांगा सगळ्या साताऱ्याला!"

त्यानं एक ग्लास हळूच माझ्यापुढे सरकवला.

"चहा घ्या," तो म्हणाला. "निवतोय."

एवढंच. चाक ठेवून, सायकलीला शेजारच्या पंक्चरवाल्याकडून दुसरं चाक घालून, तो निघून गेला.

अण्णांना मी संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"पाचर तुजी, आन् माफी मी मागू व्हय? चाक घिऊन तूच जायाचं त्या बाईकडं."

म्हणून रविवारी मी मांडीवर मोटरीचं चाक घेऊन एसटीनं शिराळ्याला पोचले. पाचरी सगळ्या नव्या होत्या, अण्णांनी जपून ठेवलेल्या जुन्या, खडखडीत वाळलेल्या बांबूच्या. आधी कळवलं होतं, त्यामुळे अवधूत स्टँडवर होता. माझ्या हातातलं चाक घ्यायला आला, मी दिलं नाही.

त्याची मावशी रंगुबाई आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तीस वर्षं वाड्या-वस्त्यांवर सायकल हाणून तिचे गुडघे गेले होते. म्हणून तर भाच्यानं हा उद्योग केलेला. हात प्लास्टरमध्ये होता.

"मावशी, चूक माझी होती," मी उभ्या उभ्याच म्हटलं.

तिनं मला खाली बसवलं, माझे तारांनी कापलेले अंगठे बघितले.

"मला वाटलं, कुनी म्हातारा आसंल! आगं, माझ्या हातनं सुई चुकली तर मी धा येळा त्या लेकराच्या घरला जाते. तू आलीस, लय झालं. बसव आता चाक."

चाक बसलं. अवधूतनं मावशीला कॅरियरवर घेतलं आणि चढाच्या वाटेनं निघाला. मी कान टवकारून उभी. पानांवर पडणाऱ्या पावसाशिवाय काही ऐकू येईना. रस्त्यातली म्हैस मानही न वळवता चरत राहिली.

मावशी परतली ती हसतच. "म्या तवाच म्हनलं हुतं ह्याला, पाचर निसटलीया ते सांगून टाक त्या दुकानदाराला. उघडल्यालं चाक पुन्हा कशाला मिटवाय पायजे हुतं?"

मी अवधूतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

स्टँडवर जाताना मी दहा पावलं पुढे चालत होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"तरी मला कॅरियरवर बसवलंत? अख्ख्या नाक्यानं बघितलं मला! परीक्षा घेत होतात माझी?"

"नाही!" पहिल्यांदाच तो खराखुरा चिडला. "उघडी मोटर आणली असती तर तुम्ही म्हणाला असता, तूच तोडलीस. म्हणून मिटवून आणली. दारातच सांगणार होतो. पण तुम्ही भांडायला लागलात, आणि मला… मला सांगावंसंच वाटेना. चढावर तर वाटलं, हा संपूच नये. चहा आणायला गेलो तो स्वतःला शिव्या घालत. परत आल्यावर सांगणारच होतो, तर तुम्ही आधीच…"

मी वळून उभी राहिले.

"तुम्ही चहा यायच्या आत कबूल केलंत, शरयू. मला आठवडा लागला. तोही मावशीनं तोंड उघडलं म्हणून. चुकलो मी."

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं होतं.

एसटी आली. मी पायरीवर चढले आणि वळले.

"रविवारी दुकान बंद असतं. अण्णा घरी असतात."

"म्हणजे… येऊ?"

"हे सगळं त्यांना सांगायला या. त्यांच्याशीही खोटं वागलायत तुम्ही."

"सगळं? चढावर काय वाटलं, तेसुद्धा?"

"ते… ते सगळ्यात शेवटी."

गाडी हलली. तो पावसात तसाच उभा, काखेत मिटलेली छत्री.

"छत्री उघडा की!" मी खिडकीतून ओरडले. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. बघू देत. माझा राग अजून उतरला नव्हता. फक्त आता तो त्याच्यावर नव्हता, पुढच्या रविवारवर होता… अजून सात दिवस!